सयाजीराव नावाचा घोडा

चिकपेटच्या रेशीमपेठेतून हाय ग्राउंड्सचं रेसकोर्स काही फार लांब नाही. बंगळूरच्या रेसशौकिनांना थोर घोडा कोणता असं विचारलं, तर उत्तर बहुधा आकड्यांत येतं. रशीद बायरामजींनी तयार केलेला स्क्वॉन्डरर 19 पैकी 18 शर्यती जिंकला, एल्युसिव्ह पिम्परनेल 23 पैकी 22. दोघांच्या मोठेपणाबद्दल वाद नाही. पण नुसत्या विजयांच्या बेरजेवर घोड्याची कारकीर्द जोखणं मला अपुरं वाटतं. समोर कोण धावत होतं हे त्या बेरजेत कुठेच दिसत नाही. माझी साक्ष बडोद्याच्या प्रतापसिंहराव गायकवाडांच्या सयाजीरावाची.

हा घोडा 1944 चा, नीअर्कोचा, रोझी लेजंडच्या पोटचा. 1945 ची इंग्लिश डर्बी जिंकणाऱ्या दान्तेचा धाकटा सख्खा भाऊ. त्या भावाच्या कीर्तीपोटीच वर्षाच्या शिंगराला 28,000 गिनी मोजल्या गेल्या. तेव्हाचा तो ब्रिटनमधला विक्रम. 1947 मध्ये एक मैलाच्या टू थाउजंड गिनीजमध्ये तो तिसरा आला, तेही ट्यूडर मिन्स्ट्रेल आठ लेंग्थनी जिंकला त्या शर्यतीत. दीड मैलाच्या एप्सम डर्बीत पुन्हा तिसरा. पण इथे ट्यूडर मिन्स्ट्रेल त्याच्या मागे, चौथा होता. अंतर वाढलं की हा घोडा खुलतो, हे इथेच कळायला हवं होतं. पुढे त्याने आयरिश डर्बी जिंकली आणि पावणेदोन मैलांहून थोड्या लांबीच्या सेंट लेजरमध्ये जॉकी एडगर ब्रिटने त्याला आर्बारच्या जेमतेम डोकंभर पुढे काढलं. तिसरा आलेला मिगोली पुढच्याच वर्षी पॅरिसची आर्क शर्यत जिंकला, आर्बारने एस्कट गोल्ड कप नेला. अशा संगतीतल्या एका डोक्याच्या फरकापुढे दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांवरचे पाच विजय मला हलके वाटतात.

यावर कोणी म्हणेल, पैशाच्या जोरावर जातिवंत घोडा घेतला, त्यात घोड्याचं कर्तृत्व काय? आक्षेपाचा अर्धा भाग खरा आहे. प्रतापसिंहरावांची उधळपट्टी गाजली, 1951 मध्ये भारत सरकारने त्यांची राजा म्हणून असलेली मान्यता काढून घेतली. शाळा-ग्रंथालयं उभारणाऱ्या आजोबांचं नाव नातवाने शर्यतीच्या घोड्याला द्यावं, हे मलाही खटकतं. पण तो हिशेब मालकाचा; घोड्याच्या खात्यात मांडू नये. शिवाय नुसत्या रक्ताने शर्यत जिंकता येत असती, तर महागडी शिंगरं कधी फसलीच नसती. राहिला प्रश्न मागे काय उरलं याचा. चांगल्या घोडीचं श्रेय नराला मिळतं हे मान्य, पण निरनिराळ्या माद्यांपासून पुन्हा पुन्हा दमदार पिलं निपजली तर तो योगायोग म्हणता येत नाही. लिंक्रिसने 1960 ची आयरिश ओक्स आणि आयरिश सेंट लेजर जिंकली, आय सेने 1966 चा कोरोनेशन कप. आणि 1958 चा एस्कट गोल्ड कप लेस्टर पिगटला जिंकून देणारी ग्लॅडनेस, तीही सयाजीरावाचीच लेक.