बक्षिसी कीं खंडणी?

वसई-विरारच्या पेठेंत काय किंवा महामार्गावरील उपाहारगृहांत काय, जेवून उठतांना बडीशेपेच्या बशींत चार नाणीं ठेवण्याचा आपला परिपाठ जुना आहे. ही बक्षिसी देणाराच्या संतोषाची खूण होय. परंतु बिलांतच 'सेवाशुल्क' या नांवानें शेंकडा पांच-दहा रुपये परस्पर चढविणें, यास बक्षिसी म्हणावें कीं खंडणी? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ४ जुलै २०२२ रोजीं ही आकारणी निषिद्ध ठरविली. हॉटेलवाल्यांच्या दोन संघटनांनीं तीस आव्हान दिलें. २८ मार्च २०२५ रोजीं दिल्ली उच्च न्यायालयानें त्यांचे अर्ज फेटाळून प्रत्येकीवर एक लाख रुपयांचा खर्च बसविला. तेव्हां असें शुल्क दिसतांच तें काढावयास सांगावें. मालक न ऐकेल, तर १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

मात्र हक्काची ढाल पुढें करून कोणीं कृपणपणा लपवूं नये. हल्लीं बिल मोबाइलवरून चुकतें होतें. पैसा थेट मालकाच्या खात्यांत जातो आणि बशी रिकामी राहते. ज्यानें ताट वाढलें, खरकटें उचललें, त्याच्या हातीं कांहींच पडत नाहीं. म्हणून घरून निघतांना दहा-वीस रुपये सुटे ठेवावे व सेवेनें संतोष झाल्यास ते त्याच्याच हातीं, गाजावाजा न करतां द्यावे. मालकांसही आमचें इतकेंच सांगणें कीं, नोकराचें पोट भरणें हें पगाराचें काम आहे, गिऱ्हाइकाच्या औदार्याचें नव्हे. मजुरी हक्कानें मिळावी, बक्षिसी आनंदानें.