आष्टीची लढाई व आमचें आष्टें : एक स्थलनिर्णय

शके १७३९ ईश्वरनाम संवत्सरीं, माघ पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे इ. स. १८१८ च्या फेब्रुवारी महिन्याच्या २० व्या तारखेस, पेशव्यांचे सेनापति बापू गोखले इंग्रजांशीं लढतां लढतां पडले. घोडदळानें घोडदळाशीं केलेला हा थोड्या वेळाचा सामना होता. तथापि त्यांत पेशवाईचा शेवटचा मोठा योद्धा नाहींसा झाला, आणि सातारचे छत्रपति पेशव्यांच्या हातून निघून इंग्रजांच्या हातीं गेले. ही लढाई जेथें झाली त्या गांवाचें नांव आष्टी. परंतु कांहीं इंग्रजी पुस्तकांत तें ‘आष्टा’ असें छापलेलें आढळतें, आणि त्यावरून ती कृष्णाकांठच्या आष्ट्यास झाली असावी असा समज होण्याचा संभव आहे. प्रस्तुत लेखक या दुसऱ्या गांवचाच रहिवासी असल्यामुळें हा प्रश्न त्याला पुष्कळदां विचारला जातो. त्याचें उत्तर सप्रमाण द्यावें, आणि ज्यांच्या संग्रहीं त्या काळचीं पत्रें आहेत त्यांस अशा संशयस्थळीं निर्णय कसा करावा हें सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम दोन्ही गांवें कोठें आहेत तें पाहूं. आमचें आष्टा वाळवें तालुक्यांत, इस्लामपुराहून सांगलीस जाणाऱ्या वाटेवर आहे. हा मुलूख पूर्वीं सातारा जिल्ह्यांत होता; १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला व १९६० सालीं त्यासच सांगली हें नांव मिळालें. आष्टी सोलापूर जिल्ह्यांत, पंढरपूरच्या उत्तरेस भीमेपलीकडे, मोहोळ तालुक्यांत आहे. दोहोंमध्यें सरळ रेषेनें ऐंशीं-नव्वद मैलांचें अंतर आहे. याखेरीज बीड व वर्धा या जिल्ह्यांतही आष्टी नांवाचीं गांवें आहेत, आणि माळव्यांत सिहोर जिल्ह्यांत आणखी एक आष्टा आहे. तेव्हां केवळ नामसादृश्यावर विसंबणें किती धोक्याचें आहे हें उघड आहे.

आतां फौजांच्या हालचाली पाहूं. इ. स. १८१७ च्या नोव्हेंबरांत खडकी व येरवडा येथील लढायांनंतर पुणें इंग्रजांच्या ताब्यांत गेलें, आणि बाजीराव फिरतीवर निघाला. छत्रपति प्रतापसिंह, त्यांच्या मातोश्री व बंधु यांस वासोट्याहून आणवून त्यानें आपल्या लष्करांत ठेविलें होतें. १ जानेवारी १८१८ रोजीं कोरेगांवचा प्रसंग झाला. त्यानंतर पेशवा सालपें घाटानें दक्षिणेस वळला आणि मिरजेच्या बाजूनें गोकाकाकडे गेला. पुढें कर्नाटकांत मन्रोच्या हालचालींमुळें वाट अडल्यानें तो मागें फिरला व सोलापुराकडे आला. इकडे जनरल स्मिथ यानें फेब्रुवारीच्या १० तारखेस सातारचा किल्ला घेतला, आणि तेथून घोडदळ व घोड्यांचा तोफखाना बरोबर घेऊन पेशव्याच्या मागावर कूच केलें. पेशवा सोलापुराहून पंढरपूरच्या रोखें निघाला असतां स्मिथनें त्यास आष्टी येथें गांठलें.

या क्रमांतच स्थलाचा निर्णय आहे. सोलापुराहून पंढरपुराकडे येणारा मनुष्य मोहोळच्या मुलुखांतून येईल. वाळव्यास येणार नाहीं. तसेंच स्मिथ सातारा सोडून पूर्वेस गेला. लढाई आमच्या गांवीं झाली असती, तर त्यास कृष्णेच्या कांठाकांठानें दक्षिणेस उतरावें लागलें असतें. दोन्ही फौजांचे मार्ग जेथें मिळतात तें ठिकाण भीमेकडचें आहे.

मग संशयास जागा कां राहते? त्याचें कारण असें कीं, पेशव्याचें तेंच लष्कर त्याच हिंवाळ्यांत कृष्णेच्या खोऱ्यांतूनही गेलें होतें. म्हणून जानेवारी १८१८ मधील एखाद्या पत्रांत लष्कराच्या संबंधानें आष्ट्याचा उल्लेख आला, तर तो आमच्याच गांवाचा असण्याचा संभव अधिक. अशा पत्रावर ‘आष्टीची लढाई’ अशी टीप लिहून तें दप्तरांत भलत्या जागीं ठेवणें म्हणजे दोन्ही गांवांच्या इतिहासावर अन्याय करणें होय.

अशा वेळीं निर्णयाचीं साधनें तीन. पहिलें साधन विभक्तीचें. मूळ नांव आष्टा असो किंवा आष्टें असो, सामान्यरूप ‘आष्ट्या’ असेंच होतें : आष्ट्यास, आष्ट्याहून, आष्ट्यावर. यामुळेंच एका गांवास कोणी आष्टा व कोणी आष्टें म्हणतो. आष्टी हें नांव स्त्रीलिंगी असून त्याचें सामान्यरूप बदलत नाहीं : आष्टीस, आष्टीहून, आष्टीवर. आडनांवांतही आष्टेकर व आष्टीकर हा भेद राहिला आहे. घाईनें लिहिलेल्या मोडींत शेवटची वेलांटी कीं मात्रा हें कित्येकदां कळत नाहीं. परंतु विभक्तीचें रूप सांपडलें, तर त्यांतील जोडाक्षर आहे कीं नाहीं एवढें पाहिल्यानें काम होतें. इंग्रजी लिपींत हें सारें हरपतें. म्हणून इंग्रजी ग्रंथांतील वर्णरचना या बाबतींत प्रमाण धरूं नये.

दुसरें साधन मितीचें. त्या वर्षीं पौष महिना सामान्यतः जानेवारींत व माघ फेब्रुवारींत पडला होता. पौषांतील पत्र असेल तर लष्कर दक्षिणेकडे होतें असें समजावें. माघ शुद्ध पक्षाच्या अखेरचें असेल तर तें भीमेकडे होतें. वर्ष दिलेलें नसून नुसती मिति असली तरी, प्रसंग याच मोहिमेचा असल्यास, एवढा भेद करतां येतो.

तिसरें साधन शेजारच्या नांवांचें. पत्रांत पंढरपूर, मोहोळ, माढें, भीमा हीं नांवें आलीं तर आष्टी. वाळवें, इस्लामपूर, मिरज, कृष्णा, वारणा हीं आलीं तर आष्टें. तिन्ही साधनें एकच उत्तर देतील तेव्हां निश्चय समजावा. एकच साधन उपलब्ध असेल, तर नोंदींत तसें स्पष्ट लिहून ठेवावें. आणि आष्टें हें नांव ‘अष्ट’ शब्दापासून काढून आठ वाड्या किंवा आठ देवळें शोधण्याची जी आवड आपणां संस्कृतज्ञांस असते, तिचा स्थलनिर्णयास कांहीं उपयोग नाहीं.

लढाईचा वृत्तांत थोडक्यांत असा. इंग्रजी रिसाला जवळ येऊन ठेपल्याचें कळतांच पेशव्यानें पालखी सोडली आणि तो घोड्यावर बसून निघाला. पाठ राखण्याचें काम गोखल्यांनीं पत्करिलें. कांहींशे निवडक स्वारांनिशीं ते इंग्रजी घोडदळावर तुटून पडले. मद्रासकडील सातव्या रिसाल्याची फळी त्या हल्ल्यानें क्षणभर विस्कळित झाली, तेव्हां बाविसाव्या ड्रॅगून पलटणीचे गोरे स्वार धांवून आले. खुद्द स्मिथच्या डोक्यास जखम झाली. त्या गर्दींत गोखले पडले, आणि ते पडतांच उरलेली फौज फुटली. पेशव्याचा जीव वांचला. छत्रपति व त्यांचें कुटुंब मात्र मागें राहून स्मिथच्या ताब्यांत आलें.

गोखल्यांच्या पूर्वचरित्राकडे पाहिलें म्हणजे या मरणाचें महत्त्व कळतें. इ. स. १८०० मध्यें धोंडजी वाघाशीं लढतांना त्यांचे चुलते धोंडोपंत मारले गेले. त्याच सालीं धोंडजीचा नाश करणाऱ्या मोहिमेंत बापू गोखले आर्थर वेल्स्ली याच्या बाजूस होते, आणि १८०३ सालींही त्याच्याबरोबर होते. हाच वेल्स्ली पुढें स्पेनमध्यें फ्रेंचांशीं लढला, वेलिंग्टनचा ड्यूक झाला, आणि १८ जून १८१५ रोजीं वॉटर्लू येथें नेपोलियनास जिंकणारा सेनापति म्हणून जगप्रसिद्ध झाला. त्यानंतर तीन वर्षांच्या आंतच त्याचा जुना सोबती त्याच्याच राष्ट्राच्या फौजेशीं लढून मेला. गोखल्यांस इंग्रजी कवाइतीचें बळ ऐकून नव्हे, तर जवळून पाहून ठाऊक होतें. तें ठाऊक असूनही ते थोड्या लोकांनिशीं पुढें गेले, ही गोष्ट त्यांच्याविषयीं लिहिणारानें विसरूं नये.

राजकीय परिणाम तर लढाईच्या मानानें फारच मोठा झाला. ज्यांच्या नांवानें राज्य चालत होतें ते छत्रपति इंग्रजांच्या आश्रयास आल्यामुळें पेशव्याचा पक्ष निराधार दिसूं लागला. एप्रिल महिन्यांत एल्फिन्स्टननें प्रतापसिंहांस साताऱ्यास गादीवर बसविलें. जूनच्या ३ तारखेस बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला व पुढें ब्रह्मावर्तास जाऊन राहिला. साताऱ्याचें नवें राज्यही फार टिकलें नाहीं : १८३९ मध्यें प्रतापसिंहांस पदच्युत करण्यांत आलें, आणि १८४८ मध्यें तें राज्य खालसा झालें. आमचा वाळव्याचा मुलूख त्याच सातारा राज्यांतला. म्हणजे आष्टीस जें घडलें त्याचें फळ आष्ट्यानें तीस वर्षें भोगिलें. दोन्ही गांवांचा खरा संबंध असेल तर तो एवढाच, आणि नांवाच्या साम्यापेक्षां तो अधिक भक्कम आहे.

आपल्या गांवच्या मातींत एवढा वीर पडला असें सांगावयास कोणास आवडणार नाहीं? परंतु तो मान आष्टीचा आहे, आणि तो आष्टीस देण्यांत आष्ट्यास कांहीं कमीपणा नाहीं. ज्यांच्या संग्रहीं शके १७३९ च्या पौष-माघांतील कागद असतील, त्यांनीं वरील तीन कसोट्या लावून आपल्या नोंदी एकदां तपासाव्या. एखाद्या जुन्या नोंदींत आष्टीच्या जागीं आष्टा पडलें असेल, तर मूळ लेखन तसेंच ठेवून शेजारीं दुरुस्ती लिहावी, खोडूं नये. कारण चूक कोठून निघाली हें कळणें हाही पुढील संशोधकाच्या उपयोगाचा भाग आहे.