अंडकोषाची सूज अंगावर काढू नका

मागे एकदा महिला मंडळाची बैठक संपल्यावर एक वहिनी मागे रेंगाळली. सगळ्या गेल्यावर हळूच म्हणाली, "ताई, यांना खाली सूज आलीय. चार दिवस रिक्षा काढली नाही." वजन उचलल्यामुळे झालं असेल, असं समजून घरात निर्गुडीचा पाला गरम करून बांधला होता. कातडीला फोड आले, सूज तशीच राहिली. मग भिंतीवर 'गुप्तरोग' लिहिलेल्या जाहिरातीवाल्याकडून दोन हजारांच्या पुड्या आणल्या. त्यात काय होतं, ते पुडीवर लिहिलेलंच नव्हतं.

वॉर्डात ड्युटी करतानाही मी हेच पाहिलं. पुरुष येतात ते थंडी-ताप भरल्यावर, आणि तेही बायकोनं ओढून आणल्यावर.

वृषणाच्या, म्हणजे गोटीच्या, मागे एक गुंडाळलेली बारीक नळी असते. शुक्रजंतू तिथे पक्व होऊन साठतात. लघवीच्या वाटेनं रोगजंतू तिथवर पोचले की ती नळी सुजते. डॉक्टर याला एपिडिडायमायटिस म्हणतात. दुखणं एका बाजूला सुरू होऊन एक-दोन दिवसांत वाढतं, लघवीला जळजळ होते, कधी पू येतो. तरुणांत हे बहुतेक वेळा संबंधातून आलेल्या गोनोरिया (परमा) किंवा क्लॅमिडियाच्या जंतूंमुळे होतं. वय झालेल्यांत प्रोस्टेट वाढून लघवी अडते, तिथून जंतू चढतात. टीबीनंही ही नळी सुजते, पण ती सूज हळूहळू येते आणि फारशी दुखत नाही. नुसतं वजन उचलून सहसा असं होत नाही.

एक गोष्ट मात्र आयांनी नीट लक्षात ठेवावी. दहावी-बारावीतला मुलगा अचानक गोटी दुखते म्हणून कळवळला, उलटी झाली, गोटी वर ओढल्यासारखी दिसली, तर तिला पीळ बसलेला असू शकतो. रक्तपुरवठा तुटतो. साधारण ६ तासांत ऑपरेशन झालं तर गोटी वाचण्याची शक्यता चांगली असते. नंतर ती झपाट्यानं कमी होते. अशा वेळी लेप नको, सकाळची वाटही नको. रात्री दोन वाजले असले तरी मोठं हॉस्पिटल गाठा.

आता घरगुती उपायांचं. सगळेच टाकाऊ नाहीत. पडून राहा, खाली टॉवेलची घडी ठेवून अंडकोष उचलून धरा. चालताना घट्ट लंगोट किंवा सपोर्टर वापरा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटं ठेवा, थेट कातडीवर नको. पाणी भरपूर प्या. यानं आराम पडतो. हळदीचं दूध प्यायला हरकत नाही, पण त्यानं नळीतले जंतू मरत नाहीत. गोखरूच्या काढ्याचंही तेच. गरम शेक आणि तंबाखूचं पान मात्र बांधू नका.

जंतू मारतं ते अँटिबायोटिक. त्याआधी लघवीची तपासणी होते, गरज पडली तर सोनोग्राफी. कोर्स साधारण १० दिवसांचा, कधी जास्त. दोन-तीन दिवसांत दुखणं उतरू लागतं आणि इथेच आपली माणसं गोळ्या बंद करतात! सूज पूर्ण जायला काही आठवडे लागतात, म्हणून औषध लागू पडलं नाही असं समजू नका. तीन दिवसांत काहीच फरक नसेल तर मात्र परत दाखवा.

जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी मेडिकल कॉलेजात 'सुरक्षा क्लिनिक' असतं. तिथे समुपदेशकाशी एकट्यानं बोलता येतं, औषध फुकट मिळतं, एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणीही होते. संबंधातून आलेला संसर्ग असेल तर बायकोलाही औषध घ्यावंच लागतं, तिला काही त्रास नसला तरी. दोघांचा कोर्स पूर्ण होईपर्यंत संबंध नको.

उपचार टाळला तर पू साठतो. दोन्ही बाजूंच्या नळ्या बंद झाल्या तर मूल होत नाही. आणि आपल्याकडे मूल झालं नाही की तपासण्या, नवस, टोमणे सगळं सुनेच्या वाट्याला! वीर्यतपासणी साधी असते. आधी ती करायला सांगा.

वहिनीचा नवरा दुसऱ्या दिवशी आला. मान खाली घालून, मित्राला बरोबर घेऊन. दोघा नवरा-बायकोनं औषध घेतलं. पंधरवड्यानं रिक्षा पुन्हा नाक्यावर उभी दिसली. पुड्यांचे दोन हजार मात्र गेले ते गेलेच.