बसण्याचे तास मंगरूळपीरपासून मोजा

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. थेट विमानाला साधारण १६ तास लागतात. पण अमेरिकेतल्या लेकीकडे निघालेल्या आजी-आजोबांचे बसणे मंगरूळपीरहून गाडी सुटल्यापासूनच सुरू होते. पोटऱ्या हलल्या नाहीत की पायांतले रक्त साचते. चार तासांहून लांबच्या प्रवासात बसून राहिल्यास रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात आढळले. तरी प्रमाण अल्पच, सुमारे ६,००० प्रवाशांत एक. म्हणून घाबरू नका. तासाभराने उठा, पाय हलवा. पूर्वी गुठळी किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. पोहोचल्यावर महिनाभरात एकच पाय सुजला, तर तो प्रवासाचा शीण समजू नका. अचानक धाप लागली, तर लगेच रुग्णालय गाठा.