पैसे मोजले, तरी पुस्तक आपले?

हैदराबादच्या बरकतपुऱ्यात राहणाऱ्या मराठी वाचकाला नवे पुस्तक आता टपालाची वाट न पाहता मोबाइलवर मिळते. मात्र किंमत मोजूनही ते त्याच्या मालकीचे होतेच असे नाही.

छापील पुस्तकात दोन हक्क वेगळे असतात. मजकुराचा स्वामित्वहक्क लेखकाकडे किंवा त्याने तो ज्याला दिला त्याच्याकडे राहतो. विकत घेतलेली प्रत मात्र ग्राहकाची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, एकदा वितरित झालेल्या प्रतीच्या पुढील विक्रीवर लेखकाचे नियंत्रण उरत नाही. आबिड्सचा रविवारचा जुन्या पुस्तकांचा बाजार याच तत्त्वावर राजरोस भरतो.

ई-पुस्तकाच्या व्यवहारात बहुधा प्रत विकली जात नाही, वाचनाचा परवाना दिला जातो. २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा विकत घेतलेली पुस्तकेही गेली. दोन्ही वेळा पैसे परत मिळाले. आजोबांचे कपाट नातवाकडे येते. खाते तसे येईलच, याची शाश्वती नाही.

म्हणून खरेदीपूर्वी अटी वाचाव्यात, जपून ठेवायचे पुस्तक छापील घ्यावे. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी हक्क संपतो; १९५० मध्ये निवर्तलेल्या साने गुरुजींचे साहित्य त्यामुळे आज सर्वांना खुले आहे. हयात लेखकाच्या पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर वाटणे मात्र हक्कभंगच ठरतो.