कंट्रोलर घेण्याआधी पॅनलची पाठ वाचा

वीज गेल्यावरही दिवा-पंखा चालावा म्हणून गच्चीवर पॅनल आणि घरात बॅटरी बसवताय? मग पॅनलमधून बॅटरीत जाणारी वीज सांभाळणारा चार्ज कंट्रोलर पॅनलला जुळणाराच हवा.

• स्टिकर : पॅनलच्या मागे तीन आकडे पाहा : वॅट, ‘व्हीओसी’ (काही न जोडता मिळणारा व्होल्टेज) आणि ‘आयएससी’ (शॉर्ट सर्किटचा करंट).

• पीडब्ल्यूएम : कंट्रोलरचा स्वस्त आणि साधा प्रकार. १२ व्होल्टच्या बॅटरीला ३६ सेलचं पॅनल असेल, तर पुरेसा. मात्र ७२ सेलचं ३३० वॅटचं पॅनल त्याला जोडलं, तर साधारण ९ अँपिअरच मिळतात. म्हणजे जेमतेम १२० वॅट. बाकीची वीज वाया जाते.

• एमपीपीटी : कंट्रोलरचा दुसरा प्रकार. जादा व्होल्टेजचं करंटमध्ये रूपांतर करतो. ३३० भागिले १२ म्हणजे साडेसत्तावीस. इथे किमान ३० अँपिअरचा घ्या.

• थंडीचा हिशेब : पॅनल गार असताना व्होल्टेज वाढतो. २५ अंशांना ४६ व्होल्ट देणारं पॅनल बदलापुरातल्या १०-१२ अंशांच्या पहाटेनंतर, पहिल्या उन्हात ४८ व्होल्टपर्यंत जातं. ५० व्होल्ट मर्यादेचा कंट्रोलर तिथे काठावर येतो. ७५ किंवा १०० व्होल्टचा निर्धास्त.

• जोडणी : आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना उलट क्रम.

• जागा : उल्हास नदीकाठच्या सखल वस्तीत कंट्रोलर आणि बॅटरी तळमजल्यावर ठेवू नका. जुलै २०१९चा पूर आठवा.

दुकानात जाताना स्टिकरचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या.