सांगलीत लिनक्स रुजलं ते असं

सांगलीत लिनक्स आलं ते मासिकातून. लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ साली हेलसिंकीत लिहायला घेतलेलं हे सॉफ्टवेअर इंटरनेटवरून जगभर पसरलं, असं सगळीकडे वाचायला मिळतं. पण नव्वदच्या दशकात ज्या गावात फोनवरून नेट लावणंही चैनीचं होतं, तिथं ते इंटरनेटवरून येणार कुठून? 'पीसी क्वेस्ट'नं १९९६ पासून अंकासोबत लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली, पुढे २००३ मध्ये 'लिनक्स फॉर यू' निघालं, आणि आमच्याकडचं लिनक्स या दोन मासिकांच्या प्लॅस्टिकच्या वेष्टनातून बाहेर पडलं. स्टँडजवळच्या स्टॉलवर अंक यायचे तेही मोजकेच. एकानं घ्यायचा, सीडी दहा जणांत फिरायची. तेव्हा गावातल्या बहुतेक असेंबल्ड कॉम्प्युटरवर कॉपी केलेली विंडोज असायची, आणि ती तशी आहे हे घालणाऱ्यालाही माहीत असायचं नि घेणाऱ्यालाही. राजरोस कॉपी करून मित्राला द्यायची मुभा असलेली सीडी आम्ही पहिल्यांदा पाहिली ती ही. मला लिनक्सची ओढ लागली ती यामुळे. वेग, सुरक्षितता वगैरे सगळं नंतर.

बसवणं सोपं नव्हतं. पार्टिशन पाडताना आधीचा डेटा जाईल ही धास्ती, आणि ते निभावलं की ग्राफिक्सची पायरी. तिथं मॉनिटरच्या हॉरिझॉन्टल सिंक आणि व्हर्टिकल रिफ्रेशचे आकडे विचारले जायचे, सोबत ताकीद: आकडा चुकला तर मॉनिटर बिघडू शकतो. सीआरटी मॉनिटर म्हणजे घरातली मोठी खरेदी. मग तो वळवून मागच्या लेबलवर आकडे शोधायचे, माळ्यावर टाकलेल्या खोक्यातलं माहितीपत्रक हुडकायचं. त्या पिढीतल्या कितीतरी पोरांना पडद्यावर चित्र कसं उमटतं हे या एका प्रश्नानं शिकवलं.

मॉडेमची तऱ्हा वेगळी. कॅबिनेटच्या आत बसणारं स्वस्त मॉडेम अपुरं असायचं. त्याचं बरंचसं काम विंडोजसाठी लिहिलेला ड्रायव्हर प्रोसेसरकडून करून घ्यायचा. लिनक्समध्ये ते मुकं. सिरियल पोर्टला जोडायचं बाहेरचं मॉडेम महाग, पण ते लावलं की फोनवरचं संचारनेट सुरू व्हायचं. वस्तू घेण्याआधी तिच्या आत काय आहे आणि ती कुणाच्या भरवशावर चालते याची चौकशी करायची सवय तेव्हा लागली. पुढच्या पंचवीस वर्षांत हातात आलेली प्रत्येक नवी वस्तू मी याच प्रश्नावर तपासत आलो.

आणि लोडशेडिंग. ईएक्सटी-२ फाइल सिस्टीमवरचं मशीन वीज जाऊन मधेच बंद पडलं की पुढच्या वेळी ते सगळी डिस्क तपासत बसायचं. मोठी डिस्क असली की चहा होऊन गप्पा संपल्या तरी तपासणी चालूच, आणि तेवढ्यात पुन्हा वीज गेली की सगळं पहिल्यापासून. २००१ च्या अखेरीस मुख्य कर्नेलमध्ये ईएक्सटी-३ आली. करायचा बदल आधी जर्नलमध्ये टिपायचा, मग जागेवर न्यायचा, ही तिची रीत. मार्केट यार्डातला मुनीम आधी किर्दीत नोंद करतो आणि मग खतावणी घालतो, अगदी तसं. वीज गेली तरी किर्द वाचून राहिलेलं काम काही सेकंदांत पुरं व्हायचं. सांगली-साताऱ्याकडे लिनक्स रोजच्या कामाला वापरता येऊ लागलं ते या एका सुधारणेमुळे, असं माझं ठाम मत आहे. दिसायला देखणे डेस्कटॉप पुढे बरेच आले. एवढं मोलाचं काही त्यांच्यातल्या कुणी दिलं नाही.

ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटूची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्याबरोबर शिपइट नावाची सोय आली. पत्ता कळवला की परदेशातून सीडी घरपोच, टपालखर्चासकट फुकट. पाकिटात जादा प्रती मागवता यायच्या आणि त्या वाटायच्याच असायच्या. २०११ मध्ये ही सोय बंद झाली, तोवर ब्रॉडबँड आलं होतं. बीएसएनएलचं डेटावन २००५ साली सुरू झालं, वेग २५६ केबीपीएस. काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोफत. हिशेब घाला: सेकंदाला ३२ केबी, सहा तासांत पावणेसातशे एमबीच्या आसपास, आणि सीडीची इमेज सातशेची. म्हणजे एका रात्रीत ती थोडक्यासाठी राहायची. डब्ल्यूगेटला '-सी' हा पर्याय जोडून दुसऱ्या रात्री तिथून पुढे ओढायची, शेवटी एमडी५ची बेरीज जुळवून पाहायची आणि मगच कोरी सीडी खर्ची घालायची. ती बेरीज जुळली की होणारा आनंद आजच्या दोन मिनिटांच्या डाउनलोडला नाही.

सीडी येऊन भागत नाही, अडलं तर विचारायला माणूस लागतो. सांगलीचं नशीब असं की विश्रामबागेत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय होतं आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप उभा केला. दर वर्षी वरचा वर्ग पास होऊन जातो, खालचा वर्ग सूत्रं हाती घेतो, 'मेटामॉर्फॉसिस'सारख्या कार्यशाळांत नवी पोरं टर्मिनलसमोर बसतात, आणि हे गेली दोन दशकं चालू आहे. पुण्यात प्लग हा लिनक्सवाल्यांचा गट होता, सिंबायोसिसमध्ये जीएनयूनिफाय हे संमेलन भरायचं, तिथं देशभरातून माणसं यायची. पण पुण्याला जाऊन ऐकणं निराळं आणि आपल्या गावात संध्याकाळी सायकलवरून जाऊन 'आवाज येईना, काय करू?' असं विचारता येणं निराळं. ज्या गावात असं ठिकाण नव्हतं तिथं लिनक्स एकेका हौशी माणसापुरतं उरलं आणि तो नोकरीला पुण्या-बंगळूरला गेला की संपलं.

मराठीचा भाग मला सगळ्यात जवळचा. कॉम्प्युटरवर मराठी पूर्वीही होती, श्रीलिपीत होती, आयएसएममध्ये होती. डीटीपीवाल्यांनी तिच्यावर अख्खी दैनिकं काढली. पण एका फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडला की नुसती चिन्हं दिसायची. युनिकोडनं हा तिढा सोडवला खरा, पण युनिकोड म्हणजे क्रमांकांची यादी. त्या क्रमांकांतून जोडाक्षर पडद्यावर नीट जुळवण्याचं काम बाकी होतं, आणि लिनक्सवर ते कुणी कंपनी आपणहून करणार नव्हती. २००० च्या सुमारास इंडलिनक्स प्रकल्प सुरू झाला. २००४ मध्ये रेड हॅटनं लोहित फॉन्ट मुक्त केले. पुण्यातल्या रेड हॅटच्या कचेरीतली आणि बाहेरची स्वयंसेवक मंडळी ग्नोम, फेडोरा, फायरफॉक्स यांचे हजारो संदेश एकेक करून मराठीत आणत राहिली.

त्या काळात लिनक्सवर 'शेतकऱ्यांचा' हा शब्द लिहून पाहिला की काम कुठवर आलंय ते लगेच कळायचं. आपला आडवा अर्धा र जाऊन य च्या डोक्यावर रफार बसायचा. हिंदीला हा आडवा र लागत नाही, त्यामुळे देवनागरी म्हणजे हिंदी असं धरून चालणाऱ्याला तो ठाऊकच नसतो. ल आणि श यांचंही तेच. मराठी वळण वेगळं, हिंदी वेगळं. या तक्रारी कुणीतरी बगझिला या तक्रारवहीत नोंदवल्या, सोबत शब्दांचे नमुने जोडले, आणि फॉन्टमध्ये, अक्षरं जुळवणाऱ्या पँगोत, पुढे हार्फबझमध्ये त्या एकेक करत दुरुस्त झाल्या. आज इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे, मग डी, मग य ची कळ दाबली की ऱ्य हवा तसा उमटतो. हेच हार्फबझ आज अँड्रॉइडमध्येही आहे, म्हणजे ज्यांनी लिनक्सचं नावही ऐकलेलं नाही अशा घराघरांत त्या दुरुस्त्यांचं फळ पोचलं आहे. मराठीसाठी झालेलं एवढं मोठं काम साहित्य संमेलनाच्या मांडवात मात्र कधी चर्चेला आलेलं मी ऐकलं नाही, आणि याची मला खंत वाटते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पानं लिनक्सपासून लिब्रेऑफिसपर्यंतचे छोटे धडे मराठी आवाजात केले. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला टर्मिनल शिकवायचं तर मी अजूनही तेच लावून देतो.

मराठीचं हे काम चालू होतं त्याच काळात मला नव्या उपकरणांचा नाद लागला. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' या योजनेची भारतातली ती सुरुवात. आत फेडोरावर बेतलेलं लिनक्स, पडदा उन्हातही वाचता येणारा. त्याच वर्षी आसूसचा सात इंची ईईई पीसी निघाला, चार जीबीची एसएसडी आणि झँड्रॉस लिनक्स घेऊन. वर्ष-दीड वर्षात नेटबुकांवर विंडोज एक्सपी येऊ लागली आणि लिनक्स मागं पडलं, पण ती यंत्रं खुली होती, हवं ते घालता यायचं, म्हणून ती टिकली. ५ ऑक्टोबर २०११ ला आकाश टॅबलेट आला: ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, बोटानं दाबून चालवायचा पडदा, सरकारी खरेदीची किंमत २,२७६ रुपये. अपेक्षा आभाळाएवढ्या आणि यंत्र त्यांच्यापुढं अगदीच तोकडं. आयआयटी मुंबईच्या मंडळींनी पुढच्या आकाशवर जीएनयू/लिनक्स चालवून दाखवलं, ही त्यातली मला आवडलेली गोष्ट.

पुढे अँड्रॉइडचे फोन घरोघरी आले, स्मार्ट टीव्ही आले, २०१७ मध्ये कायओएसवरचा जिओफोन आला. या सगळ्यांच्या मुळाशी लिनक्सच. लोक म्हणतात, लिनक्स जिंकलं. मला ते पटत नाही. ज्या फोनचा बूटलोडर कुलूपबंद आहे, ज्याचे अपडेट दोन-तीन वर्षांत थांबतात आणि मग बॅटरी शाबूत असून बँकेचं अ‍ॅप चालत नाही, त्यात लिनक्स असून मालकाच्या पदरात काय पडलं? माझ्याकडचा जुना दुहेरी कोअरचा डेस्कटॉप अजून चालू आहे, त्याच्यानंतर घेतलेले फोन कधीच अडगळीत गेले. म्हणून २९ फेब्रुवारी २०१२ ला विक्रीला आलेला रास्पबेरी पाय मला या सगळ्यांत थोर वाटतो. ३५ डॉलरचा उघडा बोर्ड, जे काय आहे ते डोळ्यांसमोर. तासगावकडच्या एका द्राक्षबागेत तो मी चालताना पाहिला. पानावरचा ओलावा आणि हवेतली आर्द्रता दर दहा मिनिटांनी टिपायचा. डाऊनी रोगावरची फवारणी आज घ्यायची की उद्या, एवढंच मालकाला त्यातून हवं होतं. वीज गेली की एसडी कार्ड खराब व्हायचं, मग फाइल सिस्टीम फक्त वाचण्यापुरती ठेवून नोंदी पेनड्राइव्हवर वळवल्या आणि हंगाम निभावला.

ऑगस्ट २०१९ च्या महापुराबद्दल लिहिणं सोपं नाही. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाच्या पट्टीवर ५७ फुटांवर गेलं आणि गावठाणातल्या तळमजल्यांवरचं सगळं बुडालं. पाणी ओसरल्यावर ओळखीचे लोक गाळानं भरलेली कॅबिनेट घेऊन येऊ लागले. दुकानाचे हिशेब, क्लासच्या याद्या, लग्नाचे फोटो. साध्या हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं, तिथून पाणी आत गेलं असेल तर घरी हात न लावता ती जाणकारांकडेच पाठवायची. पण टेबलावर किंवा वरच्या फळीवर असलेल्या, नुसत्या ओल धरलेल्या डिस्क वाचवता येण्यासारख्या होत्या. बोर्ड सोडवून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचा, पूर्ण वाळू द्यायचा, दुसऱ्या मशीनला जोडून पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करायचं आणि डीडीरेस्क्यू लावायचा. तो आधी सुरळीत वाचता येईल तेवढं पटकन उचलतो, अडलेल्या जागा एका नकाशात टिपतो आणि नंतर त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा वळतो. डिस्क दम तोडत असेल तर हा क्रम फार मोलाचा. रात्र-रात्र तो नकाशा भरत जाताना पाहिला आहे. विंडोजसुद्धा चालणार नाही अशा मशीनवरून एका शिकवणीवाल्या मॅडमचं सगळं साहित्य निघालं, तेव्हा लिनक्स म्हणजे काय हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

तरीही गावात डेस्कटॉपवर लिनक्स मोजक्या ठिकाणीच आहे, आणि त्याचं कारण मार्केट यार्डात उभं राहिलं की कळतं. हळदीचा अडत्या असो की बेदाण्याचा, पहिला प्रश्न एकच: "टॅली चालतंय काय ह्याच्यावर?" टॅली विंडोजसाठी बनलेलं. त्यावर अख्ख्या बाजाराचे हिशेब, जीएसटी आणि सीएकडे जाणारा डेटा. हा प्रश्न हसण्यावारी नेणाऱ्यांनी लिनक्सचं नुकसान केलं असं मला वाटतं. विंडोजची सॉफ्टवेअरं लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनवर ते ओढूनताणून चालवून दाखवणं हौशीपुरतं ठीक. पण रिटर्न भरायच्या तारखेला ते अडलं तर धंदेवाला पुन्हा आपल्या दारात उभा राहणार नाही. मी सरळ सांगतो, टॅलीचं मशीन आहे तसं ठेवा, बाकीची माझ्याकडे द्या.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि ही बाकीची मशीनं एकाएकी बरीच झाली. टीपीएम २.० नाही, प्रोसेसर यादीत बसत नाही, म्हणून विंडोज ११ नाही. पण आठ जीबी रॅम आहे, डिस्कच्या जागी एसएसडी घातली की लिनक्स मिंट पळतं. यार्डातल्या एका दुकानात अशी तीन झाली. सौद्याच्या याद्या लिब्रेऑफिसमध्ये, मराठीत, आणि मुनीम इनस्क्रिप्टवर टाइप करतात. सुरुवातीला अडला तो फक्त प्रिंटर, झेरॉक्सच्या दुकानांत हमखास दिसणारा तो छोटा लेझर. त्याचा लिनक्स ड्रायव्हर धड नाही, म्हणून तो टॅलीच्या विंडोज मशीनलाच ठेवला आणि तिन्ही मशीनवरची कागदं पीडीएफ करून तिथून छापली जाऊ लागली. आता त्या दुकानमालकाच्या भाच्याच्या दुकानातली दोन मशीनं पाहायची आहेत. त्यातलं एक ३२-बिटचं आहे. डेबियन १३ नं ३२-बिटचा इन्स्टॉलर बंद केलाय, तेव्हा त्याच्यासाठी डेबियन १२ पेनड्राइव्हवर उतरवून ठेवलं आहे.